गिरणीवाल्या अण्णांचा आवाज

ज्याच्यावर आपला जीव जडला, त्याला माणसानं हाक मारावी — की हुकूम सोडावा?

हां, हां! लगेच माना हलवू नका. पहिल्या रांगेतली मान प्रश्न संपायच्या आत हलते, हा माझा जुना अनुभव आहे. आधी नीट ऐका. देवापुढं उभे राहतो आपण. डोळे मिटतो. आणि म्हणतो काय? 'मारुतीराया, पोराला नोकरी लाव. पुण्यातच लाव. साहेब जरा समजूतदार बघ. आणि हे सगळं दिवाळीच्या आत!' — ही हाक झाली का, मंडळी? ही तर कामाची वाटणी झाली! मारुतीला वाटत असेल, आपण देव आहोत, की यांच्याकडं रोजंदारीवर आहोत?

म्हणून आज चरण घेतलं —

हाक मारी त्याच्या । धावे देव दारी ।
हुकूम जो करी । एकला तो ॥

हे कुठल्या संताचं, म्हणून विचाराल. कुठल्याच नाही. आमचंच आहे. म्हणून तर पेटीवाले बुवा वाजवताना जरा संकोचताहेत. वाजवा, बुवा! संतांचं नसलं तरी सूर तोच लागतो.

आज मारुतीचा उत्सव. मारुती म्हणजे तालमीचा देव, मैदानाचा देव, लंगोट कसणाऱ्या प्रत्येकाचा देव. तेव्हा आख्यानही मैदानाचंच लावलं आहे. यात राजा नाही, राक्षस नाही. यात कबड्डी आहे! — बघा, बघा! मागच्या तरुण मंडळींचे मोबाइल खिशात गेले! देवाच्या नावानं जे झालं नाही, ते कबड्डीच्या नावानं झालं. माझी तक्रार नाही. माणूस कुठल्याही दारानं आत येवो.

ऐका तर.

कृष्णेच्या अलीकडं कासेखिंड नावाचं गाव. गावात मारुतीचं देऊळ, देवळाशेजारी कॉलेज, कॉलेजला मैदान, आणि मैदानाला लागून रामलिंग कोरे यांची पिठाची गिरणी. लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणत.

आता गिरणीत आयुष्य गेलेला माणूस! पट्ट्याची फडफड, जात्याची घरघर, त्यात बायाबापड्यांची गडबड — 'माझं आधी, माझं आधी!' या सगळ्यावर मात करून बोलायचं, तर आवाज कसा लागेल? अण्णांनी घरात 'चहा टाक' म्हटलं, की शेजारणीकडं आधण चढायचं!

पीठ नाकातोंडात जाऊ नये म्हणून गिरणी चालू असताना अण्णा तोंडाला फडकं बांधत. पांढरं फडकं, पांढऱ्या भुवया, पांढऱ्या पापण्या. नुसते डोळे तेवढे काळे. फडकं बांधलेलं, म्हणजे अण्णा बोलणार नाहीत — हे गावाला पाठ. आणि फडकं गळ्यात ओढलं, की गावानं समजायचं — मत आलं!

मत कशावर? दळणावर? छे! ज्वारी भरड पडो, गहू पिठी पडो. अण्णांचं मत कबड्डीवर. आणि तेही असं तसं नाही. दोन कप्प्यांत. एक कप्पा कॉलेजचा, दुसरा त्या टीव्हीवरच्या लीगचा.

"कॉलेजची कबड्डी," अण्णा म्हणत, "ही पूजा! पोरगं अनवाणी येतंय, माती कपाळाला लावतंय, गावासाठी खेळतंय. हरलं तर गल्लीतनं मान खाली घालून जातंय. आणि ती लीग? त्यो बाजार! अंगावर बनियन न्हाई, जाहिरातीचा फलक. छातीवर सिमेंट, पाठीवर तेल, आणि मागं — काय सांगू, बायामाणसं हायत — मागं बँक! संघाचं नाव 'डेक्कन दणका'. आन् दणक्यात डेक्कनचं किती? दोन हरियाणाचं, एक इराणचा, एक कुठला त्यो कुणालाच ठावं न्हाई. अरं, मातीच न्हाई तितं! रबराच्या चटईवर बूट घालून खेळत्यात. माती कपाळाला लावायची तर काय लावायचं? रबर?"

गिऱ्हाईक हसायचं. आणि अण्णा, दाद मिळालेल्या गवयासारखे, दुसरी चीज घ्यायचे.

"आन् पंच! पंचाला दिसत न्हाई म्हनून त्यो टीव्हीत बघतोय! आमचा पंच चुकायचा, पण सोताच्या डोळ्यानं चुकायचा!"

मंडळी, हसू नका. माणसाची मतं आणि माणसाचं प्रेम हे एकाच पोत्यातलं धान्य असतं. निवडायला बसलं, तर दिवस पुरत नाही.

कारण अण्णांचं प्रेम खरं होतं. त्या प्रेमाचं नाव बिरू. बिरू येडगे. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातलं पोर. पाय असे, की कोकराच्या आधी बांधावर! कॉलेजात आला, आणि पहिल्याच वर्षी अण्णांच्या नजरेत भरला. तिथून अण्णांनी काय केलं? पोराचा ताबा घेतला!

सराव बिरूचा, सूचना अण्णांच्या. मैदानाच्या कडेला एक मोडका रोलर पडलेला होता — त्यावर अण्णांचं आसन. बिरू चढाईला निघाला, की रोलर नेमका त्याच्या डाव्या हाताला यायचा. तो तिकडं 'कबड्डी कबड्डी' करत शत्रूच्या अंगणात घुसायचा, आणि इकडून गिरणीचा आवाज — "बिरूऽऽ! उजवा कोपरा रिकामा हाय! — पाय मागं! — आता घे, आता!" पोरगं तसंच करायचं, आणि गुण आणायचं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, की अण्णा उठून मैदानाच्या पलीकडं चिंचेखाली. का? तर पुन्हा पोराच्या डाव्या हातालाच! देव्हाऱ्यातल्या देवाची दिशा कुणी एवढी सांभाळणार नाही.

गाव म्हणायचं, बिरूचे पाय आणि अण्णांचा आवाज — मिळून एक खेळाडू. अण्णांना ते ऐकून जो आनंद व्हायचा, तो पिठाखालूनही दिसायचा.

आता ऐका, कथा वळते.

विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात बिरूचा गुडघा पिरगळला. कॉलेजनं काय केलं? हळद लावली, एक केळं दिलं, आणि प्राचार्यांनी भाषण केलं. भाषण चांगलं होतं. गुडघ्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. पोरगं सहा महिने लंगडत फिरलं.

तरी बरं झालं, पुन्हा उभं राहिलं. पुन्हा खेळायला लागलं. आणि एक दिवस गिरणीच्या दारात येऊन उभं. अण्णांनी फडकं खाली ओढलं.

"काय रं? सराव सोडून हितं?"

"अण्णा... मला लीगमधी घेतलंय."

"कुणी?"

"डेक्कन दणकानं."

गिरणी चालू होती. पण मंडळी, काही शांतता गिरणीच्या घरघरीतही ऐकू येते.

"घेतलंय म्हंजे?" अण्णा म्हणाले. "लिलावात? बैलावानी?"

"बैलाचा गुडघा दुखला तर डॉक्टर येतो, अण्णा. मला हळद लावली." पोराचा आवाज बारीक होता. पण शब्द सरळ होते. "तितं गुडघ्याला वेगळा डॉक्टर हाय. रोज बघतोय. आईला म्हणलंय, आता मेंढरामागं जाऊ नगंस. आन् खरं सांगू? मला बघायचं हाय, मी किती खेळतोय ते. हितं मला सगळी वळखत्यात. पकडणारी बी माझीच दोस्त हायत."

आता सांगा! यात काय खोटं होतं? पण अण्णांच्या कानात यातला एकच शब्द शिरला — तितं. हितं नव्हे, तितं! आणि त्यांनी गिरणीपेक्षा मोठा आवाज काढला —

"जा! हुबा ऱ्हा जा बाजारात! पन ध्यानात ठेव, बिऱ्या — माझा आवाज तितं यायचा न्हाई!"

बोलून थांबले असते, तरी भागलं असतं. पण रागावलेला माणूस आणि सुटलेलं वळू, दोघंही समोरच्या देवळात शिरल्याशिवाय थांबत नाहीत. अण्णा तडक मारुतीपुढं गेले, आणि अर्ध्या गावासमोर शपथ घेतली — "त्या बाजारात पाय ठेवनार न्हाई. ठेवला, तर रामलिंग कोरे नाव लावनार न्हाई!"

मारुती काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. म्हणून तर आपण इतक्या शपथा घेतो.

लीग सुरू झाली. गावातली पोरं टीव्हीपुढं. आणि अण्णा? अण्णा घरी, टीव्हीकडं पाठ करून!

कारण टीव्ही त्यांच्या बायकोनं लावलेला. गंगाक्का! बिरूला कॉलेजच्या दिवसांत गंगाक्कानं कितीदा भाकरी खाऊ घातली होती. ती म्हणाली, "शपथ तुम्ही घेतलीया. मी न्हाई." आणि लावला टीव्ही. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. बघत नव्हते हां! शपथेला बट्टा नाही! फक्त ऐकत होते. आणि भिंतीला सूचना देत होते.

"किती झालं?"

"तुम्ही बघत न्हाई न्हवं?"

"बघत न्हाईच. इचारतोय."

"धरला पोराला."

पहिल्या सामन्यात धरला. दुसऱ्यात धरला. तिसऱ्यात तर बिरू नुसता बाकावर. चौथ्यात उतरवला, आणि पुन्हा धरला. कासेखिंडचा वाघ, ज्याला तालुक्यात कुणी हात लावू शकत नव्हतं, तो तिथं सशासारखा पकडला जायला लागला! टीव्हीत बोलणारा माणूस म्हणाला, 'या नव्या खेळाडूला आता उद्याच्या सामन्यात शेवटची संधी.' म्हणजे काय, ते गंगाक्कालाही कळलं. उद्या नाही जमलं, तर पोराला घरी पाठवणार.

सकाळी गिरणीवर हीच चर्चा. एकजण म्हणाला, "डोस्क्यात हवा गेली." दुसरा म्हणाला, "बूट घातलं की पाय जड हुत्यात." तिसरा म्हणाला, "अण्णा, तुम्ही म्हणत हुता तेच खरं झालं!"

आणि मंडळी, हा क्षण ध्यानात धरा. अण्णांना बरं वाटलं. एक क्षणभर, पिठाच्या एका कणाएवढं — पण बरं वाटलं. 'मी म्हणत होतो' — या चार अक्षरांत केवढी गोडी आहे! पोटचं पोर आपटलं, तरी बाप आधी म्हणतो, 'तरी मी सांगत होतो!' मलम त्याच्यानंतर.

— 'मी म्हणत होतो' यात अक्षरं किती, ते मोजत बसू नका. मी कीर्तनकार आहे, गणिताचा मास्तर नाही.

पण अण्णा मुळात भला माणूस. ती गोडी घशाखाली उतरली, आणि पोटात जाऊन कडू झाली. त्यांनी गिरणी बंद केली. भर सकाळी! दळणाच्या डब्यांची रांग तशीच! घरी गेले, गंगाक्काला म्हणाले —

"ऐकलंस का? का धरत्यात गं त्याला?"

गंगाक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यो मधीच थांबतोय."

"थांबतोय?"

"पार आत जातोय. पाय टाकायचा वखुत येतोय, आन् तितंच एक क्षण थांबतोय. मान डावीकडं करतोय. तेवढ्यात धरत्यात." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "उतरला त्या तिन्ही टायमाला तसंच. मी बघितलंय. तुम्ही भिताडाकडं बघत हुता."

"डावीकडं? डावीकडं काय हाय तितं?"

"तितं कायबी न्हाई." आता गंगाक्कानं मान वर केली. "पन हितं डावीकडं कोन असायचं?"

मंडळी!

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटलीच नाही!

कळलं का तुम्हाला? पोराचा गुडघा धड होता. डोक्यात हवा नव्हती. बुटांचाही दोष नव्हता. पोर थांबत होतं — अण्णांचा आवाज ऐकायला! चार वर्षं ज्या आवाजानं पाय उचलायला शिकवलं, त्या आवाजाशिवाय पाय उचलायचा कसा, हे कुणी शिकवलंच नव्हतं! सवयीनं मान डावीकडं जायची. तिथून काही यायचं नाही. 'माझा आवाज तितं यायचा न्हाई' — शाप दिला एका क्षणात, आणि फळला रोज संध्याकाळी, सगळ्या महाराष्ट्रासमोर!

अण्णा उठले. म्हणाले, "चल."

"कुठं?"

"पुण्याला."

"आन् शपथ?"

हा बरोबर प्रश्न! एस.टी.ला जाताना देऊळ वाटेत. अण्णा थबकले. आत गेले. मारुतीकडं खालमानेनं बघितलं, आणि म्हणाले, "देवा, शपथ मोडतोय. काय शिक्षा करायची ती कर. पन एक इचारतो. लंका काय देवळासारखी हुती? सोन्याचा झगमगाट, नाच, गाणं, दारू! त्यो बाजारच हुता न्हवं? तरी तू गेलासच की! आपलं मानूस तितं अडकलं हुतं म्हनून!"

मारुती पुन्हा काही बोलला नाही. पण अण्णांना वाटलं, शेंदराखाली जरा हसला असावा.

गाडीत बसताना कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हटकलंच — "अण्णा, कुठं निघाला?" अण्णा म्हणाले, "पाव्हण्याकडं." आणि गंगाक्का खिडकीतून ओरडली, "म्याचला!" शपथ मोडल्याची बातमी गाडी सुटायच्या आत गावभर झाली. जाऊ दे. अब्रू कधी कधी अशीच खर्चावी. साठवून तिला बुरशी लागते.

पुण्याचं ते क्रीडासंकुल! दिव्यांचा लखलखाट, ढोल, भोंगे. दारावर रखवालदार. अण्णांनी बरोबर नारळ आणला होता — काढून घेतला. पाण्याची बाटली — काढून घेतली. मग धोतराच्या सोग्यातून निघाली एक पुरचुंडी.

"हे काय आहे, काका?"

"माती."

"माती?"

"मैदानाची हाय. कपाळाला लावायला."

रखवालदार वर्षानुवर्षं दारावर उभा. त्यानं काडेपेट्या पकडल्या होत्या, तंबाखू पकडली होती. माती पहिल्यांदाच! त्यानं साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, आत टाकण्यासारखी कुठलीही वस्तू चालणार नाही. गेली माती! अण्णा आत शिरले ते रिकाम्या हातांनी. खांद्यावर गिरणीतलं फडकं, आणि गळ्यात आवाज. बस, एवढंच.

जागा मिळाली पार वर. पण गंगाक्कानं डावी बाजू धरली. तिथून माणसं मुंग्यांएवढी. सामना सुरू झाला. बिरू पहिल्याच चढाईला गेला. आत गेला... पाय टाकायची वेळ आली... आणि अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं — मान डावीकडं!

"बिरूऽऽऽ!"

सगळा दम एकवटून अण्णा ओरडले. त्याच क्षणी भोंग्यांतून गाणं सुटलं. गिरणीला हरवणारा आवाज हरला! तिकडं बिरू धरला गेला, खाली मान घालून बाहेर गेला. अण्णा मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मत कुणाच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

आता इथं, मंडळी, कथा जरा थांबवतो. तबलजी, एक तुकडा वाजवा. घाम पुसून घेऊ द्या.

समुद्रकाठी सगळी वानरसेना हताश बसलेली. मारुती आपलं बळ विसरून एका बाजूला. तेव्हा म्हातारा जांबवंत उठला, आणि म्हणाला, 'अरे, तू कोण आहेस ते आठव!' एवढंच! मारुतीनं उड्डाण केलं. आणि मग जांबवंतानं काय केलं? किनाऱ्यावर उभा राहून ओरडत बसला का? — 'मारुती, जरा डावीकडनं घे! पुढं सुरसेचं तोंड उघडं आहे! शेपूट वर धर! उतरताना पाय आधी टेक!' — ओरडला का असा? नाही! एकदा हाक मारली, आणि वाळूवर गप्प बसला. मारुती परत येईपर्यंत गप्प. त्या म्हाताऱ्याला काय काळजी नव्हती? पण जांबवंत जर अण्णांसारखा असता ना, तर मारुती अजून समुद्रावर घिरट्या घालत असता — 'आता कुठं वळू, आजोबा?'

चला, पुण्याला परत.

दुसरा डाव. बाजू बदलल्या, तशी गंगाक्कानं अण्णांना उठवून पलीकडं नेलं, पुन्हा पोराच्या डाव्या हाताला. 'दणका' मागं पडलेला. मोठा गडी जखमी, म्हणून बिरूला पुन्हा आत घेतलं. आणि एका पकडीवरून वाद झाला. पंचांनी खेळ थांबवला. पंच टीव्हीत बघायला लागले! हो, तोच टीव्ही, ज्याची अण्णांनी गिरणीत टर उडवली होती. भोंगे बंद. ढोल बंद. सगळं संकुल पडद्याकडं माना करून गप्प.

आणि त्या शांततेत —

"बिरूऽऽऽ!"

पोचला! गिरणीचा आवाज छताला लागून खाली पोचला! सगळ्या माना वळल्या. खाली मैदानावर बिरूनं मान वर केली. डावीकडं. आणि त्याला दिसले — पांढऱ्या धोतरातले अण्णा, शेजारी गंगाक्का.

पोराचा चेहरा असा फुलला! आणि लगेच तो थांबला. वाट बघायला लागला. पुढची चढाई त्याचीच होती. गुण आणला तर आणला, नाहीतर बाद, आणि बाद म्हणजे घरी. तो वर बघत होता — अण्णा, सांगा! कुठं जाऊ? उजवा कोपरा? डावा? सांगा!

अण्णांकडं मत तयार होतं. मत कधी तयार नव्हतं? उजवा कोपरा थकलेला, तिथंच जायचं! शब्द ओठांवर आलेला. शांतता अजून होती. आता ओरडलं, तर ऐकू जाणार होतं!

आणि अण्णांना तो चेहरा दिसला. वाट बघणारा. चार वर्षं ते रोलरवरून हाच चेहरा बघत आले होते, आणि त्यांना वाटलं होतं, ही भक्ती आहे. ती भक्ती नव्हती, मंडळी. ते दावं होतं. कोकराच्या गळ्यात असतं, तसं.

अण्णांनी खांद्यावरचं फडकं घेतलं.

आणि तोंडाला बांधलं!

नाकावरून घेतलं, मागं गाठ मारली. गिरणीत बांधतात तसं. वर फक्त डोळे. आणि मग दोन्ही हात जोडले.

संकुलातल्या हजारो माणसांना कळलं नाही, हा म्हातारा काय करतोय. एकट्या बिरूला कळलं. फडकं बांधलं, म्हणजे अण्णा बोलणार नाहीत. कितीही वाट बघ. आता तुझं तूच!

शिट्टी झाली. बिरूनं खाली वाकून त्या रबराला हात लावला. माती नव्हतीच! तरी हात कपाळाला नेला. आणि आत शिरला.

गंगाक्कानं अण्णांचा दंड धरलेला. फडक्याखाली अण्णांचे ओठ हलत होते — गाठ मारली म्हणून जीभ थोडीच थांबते! उजवा कोपरा, उजवा कोपरा... आणि बिरू गेला डावीकडं! चुकला! अण्णांनी डोळे मिटले, लगेच उघडले. पोरगं थांबलं नाही! मान वळली नाही! डाव्या कोपऱ्याला पाय लावला. तिघं अंगावर आले. ढिगारा झाला. ढिगाऱ्याखालून एक हात निघाला, मध्यरेषेकडं सरकला, सरकला...

लागला? नाही लागला? पंचाला दिसलं नाही! पंच पुन्हा टीव्हीपाशी!

आणि कासेखिंडचे रामलिंग कोरे, ज्यांना टीव्हीत बघणारा पंच मान्य नव्हता, त्यांनी त्या टीव्हीला हात जोडले!

लागला होता, मंडळी! बोटाचं टोक लागलं होतं! डोळ्यानं बघणारा पंच चुकला असता. टीव्ही चुकला नाही.

सामना? सामना हरले. हो, हरले! आख्यानात दर वेळी जिंकायलाच पाहिजे, असा नियम आहे का? पण त्यानंतर बिरू शेवटपर्यंत मैदानात राहिला, पुन्हा थांबला नाही, आणि दणकाच्या प्रशिक्षकानं त्याला पाठीवर थाप मारून पुढच्या सामन्याला पहिल्या सातांत घेतलं.

बाहेर बिरू भेटायला आला. घामानं निथळत. गंगाक्काच्या पाया पडला, अण्णांच्या पाया पडला. अण्णांच्या तोंडाला अजून फडकं. गंगाक्का म्हणाली, "आता काडा की ते! म्याच संपली!" अण्णांनी फडकं खाली घेतलं. डोळे पुसले त्यानंच. आणि आवाज, तो गिरणीचा आवाज, कुठं गेला कुणास ठाऊक. हळूच म्हणाले —

"डावीकडं का गेलास रं? उजवा कोपरा दमला हुता."

बिरू हसला. "दमल्याचं सोंग हुतं, अण्णा. वरनं दिसत न्हाई. आत गेलं की कळतं."

मग पोरगंच म्हणालं, "पन अण्णा, आज ऐकू आलं बघा."

"काय ऐकू आलं? मी तर कायबी बोललो न्हाई."

"तेच. तुम्ही गप्प बसल्यालं ऐकू आलं."

मंडळी, अण्णा गावी परतले. गिरणीवर लोकांनी घेरलं — "काय अण्णा, बाजार कसा होता?" अण्णा म्हणाले, "बाजारच हाय त्यो! जाहिराती, भोंगे, रबर — समदं मी सांगितलं तसंच. पन बाजारात आपलं पोरगं बसलंय. मग बाजाराला जावं लागतंय." आणि दळणाचा डबा पुढं ओढत म्हणाले, "आन् कॉलेजात गुडघ्याला डॉक्टर पायजे. पूजा हाय म्हनून देवाचं गुडघं मोडायचं नसत्यात."

मतं गेली नाहीत हां! मतं जात नाहीत. पुढच्या कॉलेजच्या सामन्याला अण्णा रोलरवर बसले ते फडकं बांधूनच. पोरं आत गेली, की गाठ घट्ट. चढाई संपली, की फडकं खाली, आणि मग — तासभर! स्वभाव आहे! पण चढाई चालू असताना, नाही. त्या रोलरवरून पुन्हा कधी हुकूम सुटला नाही.

आता तुमच्याकडं वळतो. सटकू नका! प्रसाद शेवटी आहे.

परीक्षेला बसलेल्या पोराच्या डाव्या हाताला कोण उभं आहे? नव्या सुनेच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या डाव्या बाजूला कोणाचा रोलर आहे? आणि उद्या सकाळी या मारुतीपुढं डोळे मिटाल, तेव्हा काय सांगाल त्याला — कुठून वळायचं ते? अहो, तो समुद्र ओलांडून आलेला आहे! त्याला रस्ता माहीत आहे! एकदा हाक मारा. पोटातून मारा. आणि मग फडकं बांधा. जो आत गेलाय, त्यालाच कोपरा कळतो. आपण वर बसलेलो असतो.

हे सगळं मी तुम्हाला इतका वेळ मोठ्या आवाजात सांगतो आहे, हे माझ्याही ध्यानात आलं आहे. बुवा, पेटी मिटा. तबलजी, हात थांबवा. मारुतीरायाला एकच हाक मारू —

जय बजरंगा!

— आणि आता मी गप्प बसतो. ऐकू येतंय का, बघा.